तळटीप १७ : ‘विमानाचा पत्रा वाजवणारा’

१७. ‘विमानाचा पत्रा वाजवणारा’ : अमेरिकन संगीतकार मायकल जिआकिनो (जन्म १९६७, न्यू जर्सी). ‘लॉस्ट’ (२००४–२०१०) ही दूरचित्रवाणी मालिका बेटावर कोसळलेल्या विमानातून वाचलेल्या प्रवाशांची. चित्रीकरणासाठी आणलेल्या विमानाच्या सांगाड्याचे तुकडे जिआकिनो यांनी तालवाद्य म्हणून वापरले आणि जोडीला तंतुवाद्ये व ट्रॉम्बोन घेतले. लेखकाचा रोख त्याकडे आहे. जिआकिनो यांची सुरुवात मात्र व्हिडिओ गेमपासून झाली. ‘द लॉस्ट वर्ल्ड : जुरासिक पार्क’ (१९९७) या गेमसाठी त्यांनी खऱ्या वाद्यवृंदाकडून संगीत वाजवून घेतले, त्या काळी गेमचे संगीत बहुधा सिंथेसायझरवरच भागवले जाई. पुढे महायुद्धावरचा ‘मेडल ऑफ ऑनर’ (१९९९). हे गेममधले काम ऐकूनच निर्माते-दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स यांनी त्यांना ‘एलियस’ (२००१) या मालिकेसाठी बोलावले, आणि नंतर ‘लॉस्ट’साठी.

याच परिच्छेदातला ‘चार मिनिटांचा संसार’ म्हणजे पिक्सारच्या ‘अप’ (२००९) या चित्रपटातला कार्ल आणि एली यांच्या सहजीवनाचा प्रसंग. त्यात संवाद नाही. तीन मात्रांच्या वॉल्ट्झची एकच चाल आधी खेळकरपणे बागडते, एली थकत जाते तशी मंदावते आणि शेवटी एकट्या पियानोवर उरते. वाचकाने पुढे जाण्यापूर्वी हा प्रसंग जरूर ऐकावा. लेखकाचे ‘रडवणारी शांतता’ हे शब्द त्याशिवाय पुरते उमगत नाहीत. जिआकिनो यांना ऑस्कर मिळाले ते याच चित्रपटाच्या संगीतासाठी. — संपा.