पुरलेल्या ओढ्याचा हिशेब

नदीचं पाणी चांगलं हवं तर काठची जमीन मोकळी ठेवावी, हे फिलाडेल्फियाला फार लवकर कळलं होतं. स्कूलकिल नदीचं पाणी शहर पीत होतं, म्हणून १८४४ मध्ये शहराने काठावरचं लेमन हिल विकत घेतलं. १८५५ मध्ये तिथे सार्वजनिक बाग झाली, तीच पुढे फेअरमाउंट पार्क म्हणून वाढत गेली.

आणि गंमत बघा, त्याच शतकात याच शहराने मिल क्रीक नावाचा अख्खा ओढा गटारात कोंडला! वर माती, मातीवर रस्ते, रस्त्यांकडेला घरं. बांधायला जमीन मिळाली, सगळे खूश. बिल आलं १९६१ मध्ये. गटार खचलं, घरं आत गेली, माणसं मेली. प्लॉट विकणारे केव्हाच पैसे घेऊन गेले होते. भरपाई केली ती वर राहणाऱ्या साध्या कामकरी लोकांनी.

आजही इथल्या बऱ्याच मोठ्या भागात सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच नळातून जातं. मोठी सर आली की नळ भरतो आणि घाण थेट नदीत.

उपाय दोन होते. जमिनीखाली प्रचंड बोगदे, नाहीतर झाडं, वाफे आणि पाणी मुरणारी फरसबंदी. २००९ च्या अभ्यासाने ४० वर्षांच्या फायद्यांची बेरीज केली. निम्म्या पक्क्या जमिनीवरचं पाणी हिरव्या उपायांनी मुरवलं तर सुमारे २.८ अब्ज डॉलर, बोगद्याने जेमतेम १२ कोटी. यातला सर्वांत मोठा वाटा सावलीमुळे उन्हाळ्यातले मृत्यू टळण्याचा. मला हा आकडा जरा उदार वाटतो. झाड लावणं वेगळं, जगवणं वेगळं. वाफ्यातला गाळ आणि पिशव्या दरवर्षी काढाव्या लागतात, आणि बजेट कापताना पहिली कात्री माळ्यावरच चालते (हे काय फक्त आपल्याकडेच होतं असं नाही).

तरी २०११ मध्ये मंजूर झालेली २५ वर्षांची योजना मला पटते, आणि त्याचं कारण बरचसं २०१० मधल्या एका कंटाळवाण्या बदलात आहे. तोवर दुकानं-कारखान्यांना पावसाच्या पाण्याचा आकार नळाच्या मीटरवरून लागायचा. म्हणजे एकरभर डांबर ओतलेल्या पार्किंगवाल्याला जवळजवळ काहीच नाही! मग किती जमीन झाकली त्यावर आकार सुरू झाला. आणि काय सांगू, पार्किंगवाले जाम चिडले.