वाळूमाशीचे दप्तर

इतिहासाची साधने म्हटली की आपल्या घराण्यांना मोडीचे रुमाल, सनदा आणि कुळकर्ण्यांच्या वह्या आठवतात. आम्ही उभी हयात सरकारी कागद हाताळण्यात घालविली. त्यामुळेच की काय, केवळ कागदावर आमचा भरवसा थोडा कमी. म्हणून बिहारात सापडलेल्या एका वेगळ्याच दप्तराने आमचे लक्ष वेधले. ते आहे वाळूमाशीच्या जनुकांत.

ही माशी डासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. गोठ्यात आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत ती राहते. (२००३ साली आंध्र प्रदेशात व २००४ साली गुजरातेत मुलांचे बळी घेणारी चांदीपुरा विषाणूची साथ हैदराबाद-वडोदऱ्याच्या वाचकांना आठवत असेल, तिचा वाहक म्हणूनही वाळूमाशीकडेच बोट दाखविले जाते.) बिहारात ती काळा आजार पसरविते. ताप हटत नाही, प्लीहा वाढते आणि उपचार न झाल्यास रोगी बहुधा दगावतो. या रोगाचा परजीवी १९०३ साली लीशमन व डोनोव्हन यांनी जगापुढे मांडला. परंतु तो माणसापर्यंत पोहोचवितो कोण, हे सिद्ध व्हायला १९४२ साल उजाडले. संशय माशीवर होता, पण प्रयोगात तिच्या दंशाने रोग होईना. अखेर रक्तानंतर माश्यांना मनुका चोखू दिल्या, तेव्हा परजीवी त्यांच्या पोटात फोफावले, आणि स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनी आसामात स्वयंसेवकांवर हा प्रयोग यशस्वी केला. एवढ्या कोड्याची किल्ली वाण्याच्या दुकानात निघावी, याची आम्हांस मोठी मौज वाटते.

पुढे १९५० च्या दशकात हिवतापासाठी घरोघर डीडीटी फवारले गेले आणि ही माशीही हटली. फवारणी थांबली, तसा आजार परतला. १९७७ साली उत्तर बिहारात मोठी साथ आली. पुन्हा डीडीटी आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भिंतींवरील औषध मोजले, तेव्हा सुमारे ८५ टक्के नमुन्यांत ते ठरलेल्या मात्रेपेक्षा कमी भरले. आम्हांस याचे नवल वाटले नाही. फवारणीचे तक्ते आम्हीही वर पाठविले आहेत. त्यांत ‘घरे पूर्ण’ असा रकाना असे, मात्रेचा नसे.

माशीने मात्र नोंद ठेवली. डीडीटी मज्जातंतूतील सोडियमच्या द्वाराला धरून ते उघडे ठेवते, आणि कीटक तडफडून मरतो. त्या द्वाराच्या जनुकात १०१४ व्या स्थानी ल्यूसिनऐवजी फेनिलअॅलनिन वा सेरीन आले, की औषधाची पकड सुटते. २०१७ साली बिहारच्या माश्यांत हे दोन्ही बदल आढळले. डीडीटीतून वाचलेल्यांत अधिक. मरणाऱ्या मेल्या, वाचलेल्यांचा वंश वाढला.

दरम्यान डीडीटी जाऊन सिंथेटिक पायरेथ्रॉइड आले. २०२३ च्या अखेरीस देशातील सर्व बाधित प्रखंडांत रुग्णांचे प्रमाण वर्षाला दहा हजारांत एकाहून खाली आले, हे यश लहान नव्हे. परंतु हे नवे औषधही त्याच सोडियमच्या द्वारावर काम करते. म्हणून गोठ्यांतून माश्या पकडून त्यांचे १०१४ वे स्थान वाचीत राहणे भाग आहे.