पॉल रॉब्सन : मैदानावरून रंगभूमीवर

अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात त्याचें आपल्याकडील फुटबॉलशीं नातें केवळ नांवापुरतें आहे. अंडाकृति चेंडू हातांत घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडीत धांवावयाचें, आणि धांवणाऱ्याला अंगावर झेप घालून भुईला टेकवावयाचें, असा तो खेळ. त्यांत हाडें मोडणें नवलाचें नाहीं. परंतु १९१५ सालीं न्यूजर्सी संस्थानांतील रटगर्स कॉलेजच्या मैदानावर एका सतरा वर्षांच्या मुलाचें नाक मोडलें व खांदा निखळला, तें खेळाच्या ओघांत नव्हे. हा काळा मुलगा आपल्या संघांत नको, म्हणून त्याच्याच कॉलेजांतील गोऱ्या विद्यार्थ्यांनीं तें जाणूनबुजून केलें होतें. कांहीं दिवस अंथरुणांत काढून तो पुन्हां मैदानावर आला, आणि संघांत शिरला. त्याचें नांव पॉल रॉब्सन.

त्याचा जन्म ९ एप्रिल १८९८ रोजीं प्रिन्स्टन येथें झाला. वडील जन्मानें गुलाम. पंधराव्या वर्षीं, १८६० सालीं, नॉर्थ कॅरोलिनांतील मळ्यांतून ते पळाले, शिकले आणि धर्मोपदेशक झाले. पॉल लहान असतां आई भाजून वारली. वडिलांना वक्तृत्वाची आवड मोठी. उच्चार स्वच्छ झाला पाहिजे यावर त्यांचा कटाक्ष. सायंकाळीं ते मुलाकडून भाषणें म्हणवून घेत. पुढें ज्या आवाजानें नाट्यगृहें भरलीं, त्याची घडण या घरांत झाली होती.

१९१६ सालीं दक्षिणेकडील एका कॉलेजनें काळ्या खेळाडूबरोबर खेळण्याचें नाकारलें, तेव्हां रटगर्सनें मुकाट्यानें रॉब्सनला बाजूस बसविलें. आपल्या माणसाला खाली बसवून पाहुण्यांचा मान राखणारें हें आतिथ्य विचित्रच म्हणावयाचें! पण पुढच्या दोन्ही वर्षीं, १९१७ व १९१८ सालीं, देशांतील उत्तम खेळाडूंच्या निवडींत त्याचें नांव आलें. आणि १९१९ सालीं पदवीदानप्रसंगीं विद्यार्थ्यांच्या वतीनें भाषण करण्याचा मानही त्यालाच मिळाला.

नंतर तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत कायदा शिकूं लागला. खर्चाची सोय म्हणून १९२१ सालीं अॅक्रनच्या व १९२२ सालीं मिलवॉकीच्या धंदेवाईक संघांत तो पैसे घेऊन खेळला. आठवडाभर कायद्याचीं पुस्तकें आणि सुट्टीला मैदान, असा हा क्रम होता. पदवी मिळाली, एका कचेरींत कामही मिळालें. परंतु तेथील लघुलेखिकेनें, काळ्या माणसाचा मजकूर आपण उतरून घेणार नाहीं, असें सांगितलें. रॉब्सननें वकिली सोडली.

हौस म्हणून केलेलें नाटक आतां पोटाचें साधन झालें. पत्नी एस्लांडा ही रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत काम करणारी, मोठी व्यवहारी बाई. पतीचा कल ओळखून तिनें त्याला रंगभूमीकडे लोटलें व पुढें त्याचा कारभारही पाहिला. १९२४ सालीं यूजीन ओनील याच्या दोन नाटकांत तो चमकला. १९२५ च्या एप्रिलांत, लॉरेन्स ब्राउन याच्या साथीवर, गुलामांचीं भजनें गाण्याचा त्यानें स्वतंत्र जलसा केला. ज्या गाण्यांना लोक अडाण्यांची करमणूक समजत, तीं आतां प्रतिष्ठित श्रोते निश्चल बसून ऐकूं लागले.

लंडनमध्यें १९३० सालीं त्यानें प्रथम ऑथेल्लो केला. देवलांच्या ‘झुंझारराव’मुळें हें कथानक आपल्या प्रेक्षकांना परकें नाहीं. पण कीर्तीबरोबर एक चूकही पदरीं आली. १९३५ च्या ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ या बोलपटांत त्यानें आफ्रिकी नायकाचें काम पत्करलें, तें आफ्रिकेचे आचार व संगीत जगापुढें यावें या आशेनें. पडद्यावर आलें तें साम्राज्याचें स्तोत्र, आणि गोऱ्या अधिकाऱ्याचा आज्ञाधारक सेवक म्हणून स्वतः रॉब्सन! त्यानें या चित्राचा उघड निषेध केला. मात्र काम पत्करतांना सावध राहणें त्याच्या हातीं होतें, हा आक्षेप उरतोच. त्यानंतर गाण्यांच्या बाबतींत तो सावध झाला. ‘शो बोट’मधील ज्या गीतानें त्याला घरोघर पोंचविलें, त्याचेही शब्द त्यानें फिरविले, थकव्याच्या जागीं झुंजीची भाषा घातली.

१९४३ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याचा ऑथेल्लो उभा राहिला. गोऱ्या नटांच्या संचांत ही भूमिका तेथें करणारा तो पहिला कृष्णवर्णी नट. प्रयोग झाले २९६. शेक्सपिअरच्या नाटकाचा तेथें तो उच्चांक ठरला.

महायुद्धानंतर वारें फिरलें. वर्णद्वेषाविरुद्ध तो निर्भीडपणें बोले आणि रशियाची स्तुति करी. स्टालिनच्या राजवटींतील अत्याचारांविषयीं मात्र त्यानें जाहीरपणें मौन पाळलें, हें त्याच्या चाहत्यांनींही नाकारूं नये. १९५० सालीं सरकारनें त्याचा परवाना रद्द केला; परदेशचे दरवाजे बंद झाले आणि देशांतील सभागृहेंही मिळेनातशीं झालीं. १९५७ सालीं वेल्समधील खाणकामगारांच्या मेळाव्याला त्यानें न्यूयॉर्कमध्यें बसून, समुद्रातळींच्या तारेवरून गाणें ऐकविलें! पुढच्या एप्रिलांत त्याचा साठावा वाढदिवस भारतांत साजरा झाला. त्या समितीचे अध्यक्ष मुंबईचे मुख्य न्यायमूर्ति चागला होते, आणि पंडित नेहरूंनीं शुभसंदेश दिला. त्याच वर्षीं, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, परवाना परत मिळाला. १९५९ सालीं स्ट्रॅटफर्ड येथें, शेक्सपिअरच्या गांवीं, त्यानें शेवटचा ऑथेल्लो केला.

२३ जानेवारी १९७६ रोजीं फिलाडेल्फियांत त्याचें निधन झालें. कॉलेज-फुटबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनांत त्याचें नांव लागलें तें १९९५ सालीं, मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनीं.