हिमखिंडीतील धर्मशाळा

स्वित्झर्लंडचे नाव निघाले की हिरवी कुरणे, निळी सरोवरे आणि चित्रपटांतून पाहिलेली हिमशिखरे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. महाराष्ट्रातूनही अनेक कुटुंबे ती पाहावयास जातात. परंतु आल्प्स पर्वत हा आनंदाचा विषय झाला तो अलीकडच्या दोन-अडीच शतकांत. त्यापूर्वी तो नाइलाजाने ओलांडावा लागे, आणि ओलांडताना माणसे मरत. ही वाट माणसांसाठी कोणी राखली, हे जाणून घ्यायचे तर ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीचा इतिहास पाहिला पाहिजे.

स्वित्झर्लंडचा व्हाले प्रांत आणि इटलीतील आओस्ताचे खोरे यांना जोडणारी ही खिंड २,४६९ मीटर उंचीवर आहे. रोमन काळी येथे ज्युपिटर देवाचे मंदिर होते. पुढे उत्तर युरोपातील यात्रेकरू याच वाटेने रोमला जाऊ लागले. कॅन्टरबरीचे आर्चबिशप सिगेरिक ९९० साली रोमहून परतले तेही येथूनच. वाटेत हिमकडे कोसळत, धुक्यात दिशा हरपे, लुटारूंचे भय तर नित्याचेच. ९७२ साली क्लूनीचे मठाधिपती संत मायोलस यांना याच परिसरात पकडून त्यांच्या सुटकेसाठी खंडणी घेण्यात आली.

पांथस्थांचे हे हाल आओस्ताचे आर्चडीकन बर्नार्ड यांना पाहवेनात. १०५० च्या सुमारास त्यांनी खिंडीच्या माथ्यावर धर्मशाळा उभारली. संत ऑगस्टीन यांच्या नियमानुसार जगणारे व्रतस्थ धर्मगुरू तेथे राहू लागले. येणाऱ्याला अन्न, ऊब आणि अंथरूण द्यायचे, हे त्यांचे व्रत. हिवाळ्यात ते वाटाड्यांसह बर्फ तुडवीत खाली उतरत आणि अडकलेल्यांना वर आणीत. सतराव्या शतकापासून त्यांनी पाळलेले धिप्पाड कुत्रे पुढे या कामी आले. त्यांतील बॅरीने चाळीसहून अधिक माणसांचे प्राण वाचविले असे सांगतात. १८१४ साली तो मरण पावला. त्याचे जतन केलेले शरीर बर्न येथील संग्रहालयात आहे. गळ्यात मद्याचे पिंप बांधलेला कुत्रा मात्र चित्रकाराच्या कल्पनेतला!

सर्वांनाच वाचविणे शक्य नव्हते. गोठलेल्या खडकाळ भूमीत कबरी खोदता येत नसत. म्हणून मृतदेह एका खोलीत ठेवले जात. कधीतरी आप्तेष्ट येतील आणि ओळख पटवतील, एवढीच आशा.

मे १८०० मध्ये नेपोलियन सुमारे चाळीस हजार सैनिकांसह येथून इटलीत उतरला. चित्रात तो उधळलेल्या पांढऱ्या घोड्यावर दिसतो; प्रत्यक्षात त्याने ही खिंड खेचरावरून ओलांडली. व्रतस्थांनी त्या थकल्याभागल्या सैनिकांनाही पाव, चीज आणि वाइन दिली. भिक्षेकऱ्यासाठी उघडणारे दार सेनापतीसाठीही तेच होते.

१९२३ साली पोप अकरावे पायस यांनी संत बर्नार्ड यांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. पोपमहोदय तरुणपणी स्वतः निष्णात गिर्यारोहक होते, ही येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट. याच संघाचे मॉरिस तोर्ने तिबेटच्या सीमेवर सेवेस गेले आणि १९४९ साली तेथे मारले गेले. १९९३ साली त्यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

१९६४ साली खिंडीखालून बोगदा सुरू झाला आणि बहुतेक वाहतूक डोंगराच्या पोटातून जाऊ लागली. हिमात अडकलेल्यांना आता हेलिकॉप्टर उचलते. कुत्र्यांची देखभालही २००५ साली एका प्रतिष्ठानाकडे गेली. मग धर्मशाळेचे काम संपले काय? नाही. वर्षातील कित्येक महिने वरचा रस्ता बर्फाने बंद असतो, तेव्हाही स्कीवरून वा बर्फावर चालण्याची पादत्राणे घालून लोक तेथे पोहोचतात. कोणी साहसासाठी येतो, कोणी मनःशांतीसाठी. त्यांनाही दार उघडेच मिळते.

गरजेचे रूप बदलते, गरजू मात्र येतच राहतो. आपल्या धर्मग्रामांतही आता नोकरीसाठी दूरवरून आलेली अनोळखी कुटुंबे राहतात. ती मिस्साला येतात, मागच्या बाकावर बसतात आणि कोणाशी न बोलता निघून जातात. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यास हिमकडे ओलांडावे लागत नाहीत. साडेनऊशे वर्षे त्या उंचीवर जे दार उघडे राहिले, त्याची वार्ता ऐकून आपण निदान आपल्या बाकावरून उठून त्यांची विचारपूस करावयास हवी.