आरमाराची रसद आणि ‘दीपक’ जहाज

धाराशिव जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. तथापि रसदेचा प्रश्न ह्या भूमीस अपरिचित नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीचे पाणी बंधारा घालून अडविलेले आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातील हा बंधारा तेथील पाणीमहालामुळे ख्यातनाम झाला. परंतु त्याचे लष्करी महत्त्व दुर्लक्षिण्याजोगे नाही. तट कितीही भक्कम असला, तरी वेढ्यात गड टिकतो तो पाणी व धान्य ह्यांच्या साठ्यावर. आधुनिक आरमारासही हेच सूत्र लागू पडते. भेद इतकाच की, येथे साठाच लढाऊ जहाजांबरोबर प्रवास करतो.

भारतीय नौदलातील पहिले ‘दीपक’ हे रसदवाहू जहाज जर्मनीत बांधले गेले. ते १९६७ मध्ये सेवेत आले आणि १९९६ मध्ये निवृत्त झाले. त्याच नावाचे दुसरे जहाज इटलीत बांधण्यात येऊन २१ जानेवारी २०११ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाले. त्याची लांबी सुमारे १७५ मीटर असून ते एकाच वेळी चार जहाजांना इंधन देऊ शकते.

ह्या कार्याची पद्धत कौशल्याची आहे. दोन जहाजे काही दशक मीटरांचे अंतर राखून समांतर व समान वेगाने चालतात. प्रथम एक हलकी दोरी पलीकडे फेकली जाते, तिच्या आधाराने जाड दोर व त्यामागून तेलाची नळी ओढून घेतली जाते. सुकाणू किंचित चुकले, तरी टक्कर होण्याचा वा नळी तुटण्याचा धोका असतो. शत्रूच्या दृष्टीनेही ही मोक्याची घटिका होय. कारण त्या वेळी दोन्ही जहाजांना मार्ग बदलता येत नाही.

डिसेंबर १९७१ मध्ये कराचीवर झालेल्या हल्ल्याच्या वर्णनांत ‘निर्घात’, ‘वीर’ व ‘निपात’ ह्या क्षेपणास्त्र नौकांची नावे अग्रभागी असतात. मुळात किनाऱ्याच्या संरक्षणासाठी घडविलेल्या ह्या नौकांचा पल्ला मर्यादित होता. मोहिमेच्या ताफ्यात ‘पोषक’ हे तेलवाहू जहाजही होते. त्याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो.

रसदेचे मोल केवळ युद्धातच प्रत्ययास येते, असे नाही. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी माले येथील जलशुद्धीकरण केंद्रास आग लागली, तेव्हा ‘दीपक’ मुंबईहून सुमारे १००० टन गोडे पाणी घेऊन गेले. पुढे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी लातूरला धावली. १९८२ पर्यंत धाराशिव, म्हणजे तत्कालीन उस्मानाबाद, जिल्ह्यातच असलेल्या ह्या नगराने समुद्रावरील त्या घटनेचा अर्थ भूमीवर अनुभवला.

तात्पर्य, आरमाराचे सामर्थ्य तोफा व क्षेपणास्त्रे ह्यांच्या संख्येवरून मोजणे अपुरे आहे. ते किती दूर जाऊ शकते आणि तेथे किती दिवस राहू शकते, हे रसद ठरविते. म्हणून नौदलाच्या इतिहासाच्या अभ्यासकाने युद्धाच्या वृत्तांताइतकेच लक्ष इंधनाच्या व पाण्याच्या नोंदींकडेही दिले पाहिजे.