धनुष्याची निगा व वाहतूक (भीमथडी व दख्खन)

धनुष्याची निगा व वाहतूक : मध्ययुगीन तिरंदाज आपली कमान, तिची दोरी आणि बाण ही ओल, ऊन व आघात यांपासून कशी जपत आणि स्वारीत कशी वाहून नेत, त्या साधनांचा व रीतींचा विचार. भीमा आणि नीरा या नद्यांच्या दरम्यानचा, आज ज्यात बारामती, काटेवाडी व इंदापूर ही गावे मोडतात, तो कोरड्या माळरानाचा पट्टा भीमथडी या नावाने प्रसिद्ध आहे. येथील काटक तट्टांवर दख्खनी घोडदळाची पुष्कळशी भिस्त असल्यामुळे धनुष्य घोड्यावरून वाहून नेण्याचा प्रश्न या मुलखाला परका नव्हता. शिवाय येथून पश्चिमेस चार-सहा मजला गेल्यास सह्याद्रीचा मुसळधार पाऊस लागतो, आणि धनुष्याच्या निगेचा सारा प्रपंच मुळात याच ओलीमुळे उद्भवतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताडाचे, बांबूचे, लाकडाचे आणि शिंगाचे असे धनुष्याचे चार प्रकार सांगून ज्येसाठी, म्हणजे दोरीसाठी, मूर्वा, रुई, ताग, वेळू व स्नायू इत्यादी द्रव्ये नोंदली आहेत. यांपैकी बांबूचा कमठा डोंगरी लोकांचा. सातपुड्यातील भिल्लाच्या कमठ्याची दोरीदेखील बांबूच्याच चिवट सालपटाची असल्यामुळे पावसात भिजूनही तो निरुपयोगी होत नाही. झोपडीच्या आढ्याला चुलीच्या धुराजवळ खोचून ठेवला की त्याची निगा झाली, आणि मोडलाच तर दुसरा करण्यास रानात बांबू आहेच. अशा शस्त्राला म्यानाची वा पेटीची गरज भासली नाही, यात नवल नाही.

शिंगाची कमान मात्र निराळ्याच जातीची. १२९६ साली अल्लाउद्दीन खलजीने देवगिरीवर स्वारी केली, त्या काळापासून उत्तरेकडील अश्वारूढ तिरंदाजांबरोबर ती दख्खनेत मोठ्या प्रमाणावर आली आणि पुढे बहमनी व निजामशाही फौजांत रुळली. मध्ये लाकडाचा गाभा, तिरंदाजाकडील अंगास म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या, पाठीवर जनावरांच्या स्नायूंचे तंतू आणि हे सर्व एकजीव करणारी सरस, अशी तिची घडण असे. थर वाळवून कमान पुरी होण्यास वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागे. सरस ओल धरते व मऊ पडते, आणि मग थर सुटू लागतात अथवा कमानीची पाती पीळ घेतात. म्हणून कमानगर तिच्यावर भूर्जाची साल किंवा पातळ चामडे चढवीत आणि वरून रोगणी वेलबुट्टीचा हात देत. ही रंगीबेरंगी वेलबुट्टी केवळ शोभेसाठी नव्हती. तिच्याखाली पाण्याला मज्जाव करणारी भिंत होती.

दोरी चढवलेली कमान तशीच ठेवल्यास तिचा जोर मरतो, यास्तव काम नसता दोरी उतरविणे हा पहिला नियम होय. दोरी उतरताच ही कमान सरळ न होता उलट दिशेस वळते व दोन्ही टोके एकमेकांकडे येतात. ती पुन्हा चढविताना प्रथम शेगडीच्या मंद आचेवर शेकून, कुठे पीळ पडला असल्यास उबेतच हातांनी दाबून काढून, मग मांडीच्या अटकावाने अथवा सोबत्याच्या साहाय्याने दोरी खाचेत बसवावी लागे. घाईने चढविलेली कमान उलटून फुटण्याचा संभव असल्याने हे काम नवशिक्याकडे कोणी सोपवीत नसे. दोरीला मेण लावीत आणि जादा दोऱ्या जवळ बाळगीत.

स्वाराच्या कमानीला दोन तऱ्हेची आवरणे असत. उतरविलेली कमान कापडाच्या लांबट पिशवीत मुक्कामोमुक्काम जाई. लढाईच्या प्रसंगी चढविलेली कमान अर्धवट आकाराच्या चामडी म्यानात घालून कमरपट्ट्याला डाव्या बाजूस लटकावीत, आणि बाणांचा भाता उजवीकडे राही. या अर्ध्या म्यानातून कमानीचा वरचा भाग उघडाच राही, कारण दौडत्या घोड्यावर ती एका हिसक्यात हाती येणे अगत्याचे होते; संरक्षण व सिद्धता यांतील ही तडजोड होय. भाता चामड्याचा किंवा कापड मढविलेला असे. पिसे चुरगळू नयेत म्हणून बाणांची टोके त्यात खाली राहत. पायदळाच्या शिपायाला मात्र पावसात घोंगडीवाचून दुसरे आवरण क्वचितच मिळे. ज्या काटेवाडीस आषाढवारीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण धरतात, त्या मुलखात घोंगडीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

धनुष्याच्या वहनाचा विचार फौजेच्या वार्षिक चक्राखेरीज पुरा होत नाही. पावसाळ्याचे चार महिने छावणी आणि दसऱ्यानंतर आठ महिने मुलूखगिरी, ही शिवकालीन शिस्त बखरकार सभासदाने नमूद केली आहे; फौज निघतेवेळी लहानथोरांच्या जिनसांचा झाडा घेऊन परतल्यावर तो ताडून पाहावा, असेही तो सांगतो. नद्यांचे पूर व वैरणीचा प्रश्न ही छावणीची मुख्य कारणे खरी; परंतु सरसेची कमान असो वा तोड्याची बंदूक, पावसाळा दोहींचा वैरी होता. बारगिरास घोडा व हत्यार सरकारातून मिळे, शिलेदार आपले स्वतःचे आणी. त्यामुळे एकाच्या कमानीची जबाबदारी सिलेखान्यावर, तर दुसऱ्याच्या कमानीची त्याच्याच पदरावर पडे. पुणे व सुपे यांबरोबर इंदापूरही ज्यात होते त्या शहाजीराजांच्या जहागिरीतही शिलेदारीची प्रथा प्रचलित होती. दोरी उतरवून शस्त्र ठेवण्याची रीत महाभारतातही दिसते: विराटपर्वात पांडव शस्त्रे शमीवर ठेवण्यापूर्वी धनुष्यांच्या दोऱ्या उतरवितात, हा तपशील दसऱ्याच्या कथेत बहुधा गाळला जातो. कथाकाराला शस्त्रांची जाण होती, हे त्यावरून दिसते.

युरोपातही हीच चिंता आढळते. १३४६ च्या क्रेसीच्या लढाईपूर्वी पाऊस आला असता इंग्रज तिरंदाजांनी दोऱ्या काढून शिरस्त्राणाखाली ठेवल्या, असे एका फ्रेंच वृत्तांतकाराने लिहिले आहे. १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोज’ या जहाजात धनुष्यांच्या लाकडी पेट्या आणि २४ बाण एकमेकांपासून अलग ठेवणाऱ्या चामड्याच्या भोकदार चकत्या मिळाल्या.

हिंदुस्थानात सतराव्या-अठराव्या शतकांत पोलादी कमानी प्रचारात आल्या, त्या बव्हंशी ओलीच्या याच अडचणीवर उपाय म्हणून. जोराच्या बाबतीत त्या शिंगाच्या कमानीहून हिणकस, परंतु सिलेखान्यात वर्षानुवर्षे पडून राहिल्या तरी त्यांचे थर सुटण्याचा प्रश्न नसे. काहींच्या मुठीत मळसूत्र असून कमान दोन तुकड्यांत उलगडून नेता येई. मराठी घोडदळाने मात्र भाला व तलवार यांनाच अधिक जवळ केले. पेशवे दप्तरातील ‘बाण’ हा पुष्कळदा दारूचा अग्निबाण असतो; तेथे उंटांवरून बाण नेल्याचा उल्लेख आला की तो तिरंदाजीचा पुरावा म्हणून घेऊ नये.