कोंबडा ग्रंथात, कोंबडी परसात

भारतीय कृषिजीवनाचा इतिहास प्रामुख्याने बैल, नांगर आणि शेतसारा यांच्या आधाराने लिहिला गेला आहे. दप्तरात ज्याची नोंद होते ते जमिनीचे आणि जमिनीवरच्या उत्पन्नाचे. घराच्या मागील अंगणात, म्हणजे परसात, चार कोंबड्या, एखादी शेळी आणि तिची करडे यांच्यावर जो संसार उभा असतो, त्याची नोंद क्वचितच सापडते. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र दप्तराखेरीज दुसरे एक साधन उपलब्ध आहे : भाषा आणि तिच्यातील ग्रंथ. या साधनाच्या आधारे परसातील प्राण्यांचा शोध घेतला असता एक विलक्षण विषमता दृष्टीस पडते. ग्रंथांत कोंबडा पदोपदी भेटतो. कोंबडी जवळजवळ भेटतच नाही. या विषमतेचा अर्थ काय, आणि तिचे परिणाम आजपर्यंत कसे पोहोचले आहेत, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम निषेधाचा विचार करू. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात अभक्ष्य पदार्थांच्या यादीत ग्रामकुक्कुटाचा, म्हणजे गावात पाळलेल्या कोंबड्याचा, समावेश आहे. एका ठिकाणी तो गावात विष्ठेवर पोसलेल्या डुकराच्या शेजारी येतो. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी, एक विधान केले असता दुसरे कसे आपोआप सूचित होते हे सांगताना, नेमके हेच उदाहरण योजले आहे : गावातील कोंबडा खाऊ नये असे म्हटले की रानातला चालतो हे कळतेच. अकराव्या शतकात अल्बेरुनीने हिंदूंच्या आहारनियमांची जी यादी दिली तिच्यातही पाळीव कोंबडी आणि अंडी ही वर्ज्यच आहेत. चार्ल्स डार्विनने १८६८ साली पाळीव प्राण्यांतील बदलांवरील आपल्या ग्रंथात मनूच्या या नियमाचा दाखला घेतला, तो भारतातील कुक्कुटपालनाच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून. डार्विनचे हे वाचन मार्मिक आहे. निषेध हा नेहमी प्रचलित व्यवहाराचा असतो. ग्रामकुक्कुट निषिद्ध ठरवावा लागला, याचाच अर्थ गावोगाव कोणीतरी तो पाळत आणि खात होते. ते लोक ग्रंथकर्त्यांच्या वर्तुळाबाहेरचे होते, आणि म्हणून त्यांचे परस ग्रंथाला केवळ निषेधाच्या रूपाने ठाऊक आहे.

निषेधाखेरीज कोंबड्याची आणखी दोन रूपे ग्रंथांत आढळतात. एक कालमापकाचे. पाणिनीने ह्रस्व, दीर्घ आणि प्लुत या स्वरमात्रांसाठी उकाराचाच आधार का घेतला, याचे परंपरेने दिलेले स्पष्टीकरण असे की कोंबड्याच्या आरवण्यात हे तिन्ही उकार क्रमाने ऐकू येतात. अकालरावी जातकात (क्र. ११९) वाराणसीच्या एका आचार्याचे शिष्य पहाटे उठण्यासाठी कोंबडा पाळतात, तो मरतो, आणि त्याच्या जागी आणलेला स्मशानात वाढलेला कोंबडा अवेळी आरवतो म्हणून जिवास मुकतो. तमिळ संघसाहित्यातील कुरुंतोगै या संग्रहाच्या १५७व्या कवितेत हीच बांग प्रियकराच्या सहवासातील रात्र संपल्याची वार्ता आणते आणि स्त्रीच्या काळजात धस्स होते. घड्याळ तेच, अध्ययनाला निघालेल्या शिष्याला ते हवे असते, आणि प्रेयसीला नको असते.

दुसरे रूप योद्ध्याचे. कामसूत्राच्या चौसष्ट कलांत मेंढे, कोंबडे आणि लावे यांच्या झुंजींचे ज्ञान मोडते. दण्डीच्या दशकुमारचरितात भर बाजारपेठेत दोन वेगवेगळ्या जातींच्या कोंबड्यांची झुंज रंगते आणि प्रेक्षकांत अस्सल जाणकारही असतात. तेलुगू परंपरेत तर पलनाडूच्या युद्धाची ठिणगीच नागम्मा आणि ब्रह्मनायडू यांच्या कोंबड्यांच्या झुंजीतून पडल्याचे सांगितले जाते. निषिद्ध अन्न, पहाटेची बांग आणि झुंज या तिन्ही रूपांत परसातील प्राणी परसाबाहेर येऊन पुरुषांच्या सार्वजनिक जगात वावरतो. जी घरात राहते, अंडी घालते, पिल्ले काढते, ती या चित्रात नाही.

अपवाद अर्थातच आहेत, आणि ते बोलके आहेत. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात गाभण अथवा दुभत्या शेळ्या, मेंढ्या आणि डुकरिणी मारू नयेत, सहा महिन्यांच्या आतील पिल्ले मारू नयेत आणि कोंबड्यांचे खच्चीकरण करू नये, अशी आज्ञा आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील परसाचे याहून स्पष्ट दर्शन क्वचितच घडेल. दुभती मादी, दूध पिणारे पिल्लू, मांसासाठी खच्ची करून वाढवलेला नर हे सारे पशुपालकाच्या नित्य अनुभवातील तपशील राजाज्ञेत उतरले आहेत. मात्र कोंबडी याही यादीत नाही. ती भेटते वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, सहाव्या शतकात. तेथील कुक्कुटलक्षणाच्या छोट्या अध्यायात कोंबड्यांची शुभाशुभ चिन्हे सांगून झाल्यावर शेवटी कोंबडीचा उल्लेख येतो. पण गोड आवाजाच्या, तुकतुकीत अंगाच्या त्या कोंबडीचे फळ मिळते ते राजाला : लक्ष्मी, कीर्ती आणि विजय. अंड्याचा तिथे उल्लेखही नाही.

या अनुपस्थितीचा सर्वांत नेमका दाखला मात्र व्याकरणात सापडतो. कोंबडीच्या अंड्याला संस्कृतात 'कुक्कुटाण्ड' म्हणतात. 'कुक्कुटी' आणि 'अण्ड' यांचा समास असेल, तर पूर्वपद पुल्लिंगी का झाले, असा प्रश्न उपस्थित होतो. कात्यायनाने त्यासाठी एक वार्तिकच रचले : अशा शब्दांत स्त्रीवाचक पूर्वपदाला पुंवद्भाव व्हावा. पुढे याला उत्तर असे दिले गेले की अशा नियमाची गरजच नाही, कारण येथे पूर्वपदाचे स्त्रीत्व विवक्षित नाही. अभिप्रेत आहे ती केवळ जाती. व्याकरण म्हणून हा निवाडा निर्दोष आहे. परंतु समाजेतिहासाच्या दृष्टीने पाहता, अंडे घालणारीचे स्त्रीत्व अंड्याच्या नावात सांगण्याची कोणाला इच्छा नव्हती, ही गोष्ट विचार करायला लावते. 'अविवक्षित' ही या कोंबडीची ग्रंथातील खरी अवस्था आहे.

आता बोलभाषेकडे वळू. मराठी कोंबडीच्या आयुष्याला तिच्या अवस्थांनुसार नावे देते. वयात येऊन अंड्यावर येऊ लागलेली ती तलंग; अंडी घालायचे थांबवून ती उबवण्यासाठी घट्ट बसणारी ती खुडूक; रात्री तिला कोंडायचे ते खुराडे; पिल्लांसह झाकायचे ते डालगे. या प्रत्येक शब्दामागे एक निर्णय आहे. खुडूक कोंबडीखाली किती अंडी ठेवायची, किती विकायची, कोणती पाहुण्यासाठी राखायची, एकवीस दिवस तिला घार, मांजर आणि मुंगूस यांच्यापासून कसे जपायचे, हे घरातली बाई ठरवते. गावठी कोंबडी थोडकी अंडी घालते, पण दाणापाणी विकत मागत नाही. उकिरडा, पाखडणीचे दाणे आणि कुंपणाकडचे किडे यांवर ती जगते. स्मृतिकारांना जे तिचे दूषण वाटले, तेच गरीब घराला तिचे मोल वाटते. अंडी विकून आलेला पैसा बहुधा बाईच्या हातात राहतो. शेतीचे पीक घरधन्याच्या नावावर येते. मीठमिरची, पोराची पाटी, आजारपणातली पुडी यांचा खर्च खुराड्यातून निघतो. पाळण्यासाठी कोंबडी वा शेळी दुसरीला द्यायची आणि पिल्ले निम्म्या वाट्याने घ्यायची, हा बायकांमधला व्यवहारही कागदावर येत नाही.

तरीही बोलभाषा पूर्णपणे कोंबडीची झाली असे म्हणता येत नाही. कोंबडे झाकल्याने उजाडायचे राहत नाही, ही म्हण आणि कोंबडझुंज हा शब्द, दोन्ही नराचेच. कोकणात राखणदाराला द्यायचा असतो तोही कोंबडाच. आणि मराठीतील सर्वांत प्रसिद्ध कोंबडी, जी सोन्याचे अंडे घालते, ती इसापनीतीच्या वाटेने आलेली पाहुणी आहे. शिवाय तिची गोष्ट तिच्या धन्याच्या लोभाची आहे.

परसातील प्राणी आणि त्यांना पाळणारी स्त्री यांना कथानकाच्या केंद्रस्थानी आणण्याचे काम आधुनिक भारतीय साहित्याने केले. वैकोम मुहम्मद बशीर यांची 'पात्तुम्माची शेळी' ही मलयाळम लघुकादंबरी १९५४ साली लिहिली गेली आणि १९५९ साली प्रसिद्ध झाली. माणसांनी गच्च भरलेल्या घरात बहिणीची शेळी मोकाट फिरते आणि लेखकाची स्वतःची पुस्तकेही खाऊन टाकते. विनोदाच्या आड बशीर एक कठोर हिशेब मांडतात : शेळी पात्तुम्माची असली तरी तिच्या दुधावर साऱ्या घराचा डोळा आहे, आणि त्या दुधाने कोणाकोणाचे तोंड गोड करायचे हा पात्तुम्मापुढचा खरा प्रश्न आहे. कादंबरीला 'बायकांची बुद्धी' असेही दुसरे नाव आहे. त्यातील थट्टा हळूहळू आदरात रूपांतरित होते. ग्रंथ खाणारी शेळी ही प्रतिमा येथे योजली असो वा नसो, ग्रंथाने ज्यांना वगळले त्यांनी ग्रंथच खाल्ला, असा तिचा अर्थ आज लावता येतो. २०१६ सालच्या पेरुमाळ मुरुगन यांच्या 'पूनाच्ची' या तमिळ कादंबरीत शेळी स्वतःच नायिका होते. म्हातारा-म्हातारी एक मरतुकडे काळे करडू वाढवतात. पण या जगात करडाचीही सरकारदरबारी नोंद करून कान टोचून घ्यावा लागतो. बशीरांच्या शेळीवर घराची नजर होती. मुरुगन यांच्या शेळीवर राज्याची आहे.

ही नजर काल्पनिक नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कुक्कुटवर्गीय पक्ष्यांची संख्या ८५ कोटी १८ लाख होती, आणि त्यांपैकी परसातील पक्षी ३१ कोटी ७१ लाख होते. २०१२ च्या तुलनेत व्यापारी पक्षी साडेचार टक्क्यांनी वाढले, तर परसातील सुमारे ४६ टक्क्यांनी. परस मोडीत निघत नाही, हे या आकड्यांवरून दिसते. तरी ज्या कारणाने त्याच्याकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले, ते कारण रोगाचे होते. भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. तेथे मोठी कुक्कुटपालन केंद्रे होती, आणि संसर्गक्षेत्रात येणारे घरोघरचे पक्षीही नष्ट करावे लागले. जानेवारी २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये बीरभूमपासून पसरलेला उद्रेक मुख्यत्वे परसातील पक्ष्यांत होता, आणि तीस लाखांहून अधिक पक्षी मारले गेले. रोग आटोक्यात आणण्यासाठी हे आवश्यक होते, यात शंका नाही. पण भरपाई ठरते ती पक्ष्याच्या प्रकारावरून, दर नगामागे. खुडूक कोंबडीखालची अंडी, येत्या महिन्यांची पिल्ले, निम्म्या वाट्याचा करार आणि त्यांवर अवलंबून असलेला बाईच्या हातातला पैसा, यांची किंमत नगात बसत नाही. पक्षी लपवून ठेवणाऱ्या बायका अडाणी म्हणून हिणवल्या गेल्या; त्या खरे तर ज्याची नोंद कोणत्याच वहीत नव्हती असे काहीतरी वाचवू पाहत होत्या.

शासकीय मराठीत या सगळ्या व्यवहाराला 'कुक्कुटपालन' म्हणतात. कात्यायनाने नोंदवलेला पुंवद्भाव असा आधुनिक कचेरीतही शाबूत राहिला आहे, मात्र पक्षी वाटपाच्या योजनांत 'तलंग' हा परसातला शब्द मूळ रूपात डोकावतो. तुलनात्मक अभ्यासाने अशा जागा हेरायला हव्यात. अभक्ष्यप्रकरणे, जातके, आख्यायिका, शब्दकोश, लघुकादंबऱ्या आणि शासकीय पत्रके ही एकाच परसाकडे पाहणारी वेगवेगळी दारे आहेत. ती एकत्र उघडल्याशिवाय दिसत नाही की दोन हजार वर्षे ज्या अंड्याची चर्चा भक्ष्याभक्ष्याच्या आणि समासाच्या अंगाने झाली, त्या अंड्याचा हिशेब तेवढाच काळ कोणीतरी बाई तोंडी ठेवत आली आहे. तो हिशेब विवक्षित मानणे, ही परसाच्या इतिहासाची पहिली अट होय.